सल्फेट-फ्री फेसवॉश वापरूनही चेहरा ओढल्यासारखा का होतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण लातूरला राहता आणि घरात बोअरचे पाणी आहे. एसएलएसमुळे (सोडियम लॉरिल सल्फेट, फेस करून मळ काढणारा घटक) कर्करोग होतो असे वाचल्यावर आपण नेहमीचा फेसवॉश सोडला आणि दुपटीहून महाग असा ‘सल्फेट-फ्री’ फेसवॉश आणला. तो दिवसातून तीनदा वापरून तीन आठवडे झाले, तरी तोंड धुतल्यावर दहा मिनिटांत गाल ओढल्यासारखे होतात आणि नाकाच्या कडेला पापुद्रे सुटतात. सासूबाईंचे म्हणणे आहे की हे सगळे बंद करून डाळीचे पीठ लावावे. क्रीमच्या डबीवर ‘पॉलिसॉर्बेट’ वाचल्यापासून क्रीमचीही धास्ती वाटते, आणि न धुता पुसून टाकण्याचे मायसेलर वॉटर घ्यावे का, हेही आपण विचारले आहे. फेसवॉशच्या मागची पहिली सहा नावे आपण उतरवून पाठवलीत हे फार बरे केले: पाणी, सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, ग्लिसरीन, सोडियम क्लोराइड आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिड. उत्तराचा मोठा भाग या सहा नावांतच आहे.

मी गेली २२ वर्षे फेसवॉश, शॅम्पू आणि क्रीम यांची फॉर्म्युलेशन्स तयार करण्याचे काम करतो. मी त्वचारोगतज्ज्ञ नाही, त्यामुळे आपल्या त्वचेचे निदान करणार नाही. बाटलीत काय आहे आणि ते त्वचेवर काय करते, एवढेच सांगतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. नाकाच्या कडेचे पापुद्रे पिवळसर, तेलकट असतील, तसेच भुवयांत आणि टाळूवरही असतील, तर तो फेसवॉशचा दोष नसून वेगळा त्वचाविकार असण्याची शक्यता आहे. अशा वेळी फेसवॉश बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावे. पापुद्रे कोरडे, पांढरे असतील आणि गालही ओढत असतील, तर पुढचे सगळे आपल्याला लागू पडेल.

आपण ‘सल्फेट वाईट की चांगले’ असे विचारले आहे, पण मला खरा प्रश्न वेगळा दिसतो. आपला चेहरा धुताना मळाबरोबर जे जायला नको तेही जात आहे, आणि ते कशामुळे जात आहे हे शोधायचे आहे. त्यात बाटलीवरच्या एका नावाचा वाटा असू शकतो; पण मात्रा, जोडीचे घटक, पाणी आणि धुण्याची पद्धत यांचा मिळून वाटा बहुतेक वेळा त्याहून मोठा असतो.

सर्फॅक्टंट, म्हणजे पृष्ठक्रियाशील पदार्थ, हा एक असा रेणू असतो की त्याचे डोके पाण्यात रमते आणि शेपूट तेलात. पाण्यात असे रेणू थोडे असतील तोवर ते सुटे राहतात. संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून ते गोळ्या करतात; या गोळ्यांना मायसेल म्हणतात. तेल, सनस्क्रीन, धूर आणि घामाचा राप या गोळ्यांच्या पोटात शिरतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. इथपर्यंत सगळे ठीक आहे. अडचण अशी आहे की त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरातही तेलकट पदार्थ असतात. मृत पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचा चुना, अशी ती भिंत असते. सर्फॅक्टंटला घाणीचे तेल आणि भिंतीतला चुना यांतला फरक कळत नाही. शिवाय काही सर्फॅक्टंट पेशींतल्या केराटिन या प्रथिनालाच चिकटतात आणि ते फुगवतात. पेशींतले पाणी धरून ठेवणारे नैसर्गिक घटकही मग त्या वाटेने निसटतात. धुतल्यानंतर लगेच चेहरा मऊ वाटतो, कारण थर पाण्याने फुगलेला असतो. ते पाणी उडून जाऊ लागले की तो आक्रसतो. आपल्याला दहाव्या मिनिटाला जाणवणारी ओढ ती हीच.

कोणता सर्फॅक्टंट प्रथिनाशी किती झोंबतो, हे पाहण्याची एक जुनी आणि साधी चाचणी आहे. झीन हे मक्यातले पिवळसर प्रथिन नुसत्या पाण्यात विरघळत नाही. ते ठरावीक वजनाने सर्फॅक्टंटच्या द्रावणात टाकून तासभर हलवायचे, गाळायचे आणि गाळून निघालेल्या द्रावणात नायट्रोजन, म्हणजेच विरघळलेले प्रथिन, किती उतरला ते मोजायचे. एसएलएसच्या चंचुपात्रात पिवळी भुकटी डोळ्यांदेखत कमी होते. सौम्य सर्फॅक्टंटच्या पात्रात ती तळाशी बरीचशी तशीच पडून राहते. प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलामुलींना मी सूत्रे सांगण्याआधी ही दोन पात्रे शेजारी शेजारी ठेवून दाखवतो. खरा मुद्दा तिसऱ्या पात्रात असतो. त्यात एसएलएस तेवढेच ठेवून वरून बीटेन (आपल्या यादीतले कोकामिडोप्रोपिल बीटेन, हाही सर्फॅक्टंटच) घातलेले असते. सर्फॅक्टंट वाढल्यामुळे प्रथिन जास्त विरघळेल असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात ते कमी विरघळते. ऋणभार असलेली डोकी एकमेकांना दूर ढकलत असतात, त्यांच्यामध्ये बीटेनचे रेणू बसले की मायसेल मोठी आणि स्थिर होतात, आणि त्वचेत शिरू शकणारे सुटे रेणू कमी उरतात. म्हणून सर्फॅक्टंटचा स्वभाव एकट्याने पाहू नये, जोडीने पाहावा.

आता एसएलएसकडे येतो. ते त्वचेला चुरचुर लावणारे आहे यात शंका नाही. त्वचाविज्ञानात मुद्दाम दाह निर्माण करून तो मोजायचा असतो, तेव्हा पट्टीखाली प्रमाणित दाहक म्हणून एसएलएसच लावतात. मात्र तिथे ते त्वचेवर तासन्‌तास झाकून ठेवलेले असते आणि आपण तोंड धुतो ते अर्ध्या मिनिटात. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधन घटकांच्या तज्ज्ञ समितीने १९८३ मध्ये हाच भेद केला होता: थोडा वेळ लावून नीट धुऊन टाकण्याच्या उत्पादनांत ते सुरक्षित आहे, पण त्वचेवर दीर्घकाळ राहणार असेल तर त्याचे प्रमाण १ टक्क्याच्या वर जाऊ नये. कर्करोगाची गोष्ट मात्र १९९८ च्या सुमारास ई-मेलमधून फिरू लागलेल्या एका निरोपाची आहे आणि तिला आधार नाही. तिच्यात एक वेगळी गोष्टही मिसळली गेली आहे. एसएलईएस (सोडियम लॉरेथ सल्फेट) हे एसएलएसचे सौम्य भावंड बनवताना इथिलीन ऑक्साइड वापरतात आणि त्या प्रक्रियेत १,४-डायॉक्सेन नावाचा अशुद्ध अंश राहू शकतो. हा पदार्थ मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या गटात मोडतो. कारखान्यात निर्वाताखाली तो काढून टाकतात, आणि चांगला खरेदीदार प्रत्येक खेपेच्या प्रमाणपत्रावर त्याचा आकडा पाहिल्याशिवाय माल उतरवून घेत नाही. एसएलएसच्या निर्मितीत ही पायरीच नसते. म्हणजे दोष एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, असे झाले आहे.

आपल्या बाटलीतला ओलेफिन सल्फोनेट हा सल्फेट नाही हे अक्षरशः खरे आहे. सल्फेटमध्ये गंधक ऑक्सिजनमार्फत कार्बनच्या साखळीला जोडलेला असतो, सल्फोनेटमध्ये तो थेट जोडलेला असतो. रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत हा फरक महत्त्वाचा आहे, पण आपल्या गालांना त्याचे फारसे सोयरसुतक नाही. ओलेफिन सल्फोनेट भरपूर फेस करतो, तेल जोरात काढतो आणि स्वस्त असतो. पुरेशी जोड न देता वापरला तर तो चांगल्या बांधणीच्या एसएलईएस फेसवॉशपेक्षा जास्त कोरडेपणा आणू शकतो. ‘सल्फेट-फ्री’ हे शब्द बाटलीत काय नाही तेवढेच सांगतात. मागणी आली म्हणून मीही अशी उत्पादने केली आहेत, आणि त्यांतली सगळी सौम्य होती असा दावा मी करणार नाही.

मात्रेचे गणित बाटलीवर दिसत नाही, म्हणून एक नमुना देतो. बाजारात एसएलईएस ७० टक्क्यांच्या पेस्टच्या किंवा २८ टक्क्यांच्या द्रावणाच्या स्वरूपात मिळते. शंभर किलोच्या घाण्यात २८ टक्क्यांचे ३० किलो घातले तर प्रत्यक्ष सर्फॅक्टंट ८.४ किलो होते. त्यात ३० टक्के क्रियाशील असलेले बीटेन १० किलो घातले की आणखी ३ किलो, म्हणजे एकूण ११.४ टक्के. चेहऱ्याला एवढेही पुष्कळ होते. दुसऱ्या एखाद्या बाटलीवर हीच दोन नावे याच क्रमाने असतील आणि मात्रा यातून दीडपट असेल, तरी ग्राहकाला काही कळणार नाही. आपल्याकडच्या नियमांनुसार १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, मात्र त्याखालचे कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. त्यामुळे यादीवरून अंदाज करता येतो, निकाल देता येत नाही.

यादीतले सोडियम क्लोराइड म्हणजे साधे मीठ. ते पाहून काही लोक दचकतात. बीटेनबरोबर थोडे मीठ येतेच. बाकीचे दाटपणासाठी घालतात. पातळ द्रावण ढवळत असताना मध्ये भोवरा दिसतो; मिठाचे पाणी थोडे थोडे सोडत गेले की भोवरा उथळ होतो, मिटतो आणि द्रावण मधासारखे पात्याच्या मागे ओढले जाऊ लागते. हात आवरला नाही आणि मीठ जास्त झाले तर तोच मध पुन्हा पाण्यासारखा पातळ होतो. मग दुपारभर तो घाणा सावरत बसावे लागते. हे सांगण्याचे कारण एवढेच की दाट फेसवॉश म्हणजे ‘भरीव’ फेसवॉश, हा समज चुकीचा आहे. फेसाचेही तेच. फेस उत्पादन पसरायला मदत करतो, स्वच्छतेचे माप मात्र तो देत नाही. तरीही फेस कमी केलेला नमुना चाचणीला दिला की दहापैकी आठ जण ‘साफ होत नाही’ असे लिहून परत पाठवतात, आणि आम्ही पुन्हा फेस वाढवतो. या दुष्टचक्रात बनवणारे आणि वापरणारे अशा दोघांचाही वाटा आहे.

आपल्या यादीतल्या सॅलिसिलिक अ‍ॅसिडबद्दलही सांगायला हवे. ते मुरुमांसाठी उपयोगी आहे, कारण ते पेशींची वीण सैल करते. पण तीव्र सर्फॅक्टंटबरोबर, दिवसातून तीनदा वापरले की भिंतीचा चुना आणि विटा दोन्हींना धक्का लागतो. आपल्याला अधूनमधून एखाददुसरेच पुरळ येते असे आपण लिहिले आहे. त्यासाठी एवढी तोफ लागत नाही.

आता पाणी. साबण, म्हणजे मेदाम्लाचा सोडियम क्षार, बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी मिळून न विरघळणारा राप तयार करतो. बादलीच्या कडेला दिसतो तोच. त्वचेवरही तो बसतो. शिवाय साबणाच्या पाण्याचा सामू (पीएच) ९ ते १० असतो, तर त्वचेचा पृष्ठभाग साधारण ४.५ ते ५.५ सामूवर सुखात असतो; अल्कधर्मी पाण्यात केराटिन जास्त फुगते. त्यामुळे ‘फेसवॉशऐवजी अंगाचा साबणच बरा’ हा सल्ला आपल्याकडच्या पाण्याला मुळीच लागू पडत नाही, मग वडीवर ७६ टक्के टीएफएम आणि पहिली श्रेणी लिहिलेली असली तरी. टीएफएम (एकूण मेद पदार्थ) ही वडीत साबणाचा कस किती आहे याची खूण आहे, सौम्यपणाची नाही. फेसवॉशमधले सल्फेट किंवा सल्फोनेट असा राप करत नाहीत. मात्र जड पाण्यातले कॅल्शियम ऋणभारित सर्फॅक्टंट आणि त्वचा यांच्यात पुलासारखे काम करते, आणि धुतल्यानंतरही सर्फॅक्टंटचा अंश त्वचेवर जास्त राहतो. लातूरच्या आपल्या बोअरचा जडपणा किती आहे हे मला इथून सांगता येणार नाही, पण दोष पाण्याचा आहे का हे तपासण्याची घरगुती रीत पुढे देतो.

सासूबाईंच्या डाळीच्या पिठाला मी नावे ठेवणार नाही. पीठ तेल शोषून घेते, आणि पाण्याबरोबर तो थर निघून जातो. तेल लावलेल्या अंगावर अभ्यंगस्नानाला उटणे छान काम करते ते त्यामुळेच. पण आपल्या चेहऱ्यावर आधीच पापुद्रे आहेत. तिथे पीठ वाळू देऊन चोळून काढणे म्हणजे सैल झालेला थर खरवडणे होईल. लावायचेच असेल तर दुधात किंवा सायीत सैल कालवून, वाळण्याआधी, न चोळता धुवावे. रिठा आणि शिकेकाई सौम्य कारण ‘त्यांत केमिकल नाही’, असेही आपण कुठेतरी वाचले आहे. त्यांच्यातले सॅपोनिन हे सर्फॅक्टंटच आहेत. रिठ्याच्या पाण्याने रेशमी साडी आणि चांदीचे दागिने साफ होतात ते त्याच गुणामुळे, आणि लहानपणी न्हाताना शिकेकाई डोळ्यांत गेल्यावर काय होत असे हे आपल्या पिढीलाही आठवत असेल.

क्रीममधले पॉलिसॉर्बेट हे वेगळे प्रकरण आहे. क्रीममध्ये तेल आणि पाणी एकत्र नांदवायचे असते, आणि ते सर्फॅक्टंटशिवाय होत नाही. तिथे त्याला आम्ही इमल्सिफायर म्हणतो. कोणत्या तेलाला कोणता इमल्सिफायर लागेल हे ठरवण्यासाठी विल्यम ग्रिफिन यांनी १९४९ मध्ये मांडलेली एचएलबी ही (रेणूची पाण्याकडची आणि तेलाकडची ओढ यांचा तोल मोजणारी) मोजपट्टी आम्ही आजही पहिल्या अंदाजासाठी वापरतो. पॉलिसॉर्बेट भाररहित आहे, त्याचे डोके मोठे आहे, आणि क्रीममध्ये त्याचे बहुतेक रेणू तेलाच्या थेंबांभोवती गुंतलेले असतात, म्हणून बहुसंख्य लोकांना त्याचा त्रास होत नाही. तरीही ‘क्रीममधला सर्फॅक्टंट नेहमीच निरुपद्रवी’ असे म्हणता येणार नाही. ब्रिटनमध्ये इसब असलेल्या मुलांना वर्षानुवर्षे ‘अ‍ॅक्विअस क्रीम’ लावायला देत. त्यात ९ टक्के इमल्सिफायिंग वॅक्स आणि त्या मेणात दशांश एसएलएस, म्हणजे क्रीममध्ये जवळजवळ १ टक्का एसएलएस असे. ते धुऊन टाकण्याऐवजी लावून ठेवल्याने अनेक मुलांना जळजळ होई. २०१३ मध्ये तिथल्या औषध नियंत्रकांनी याबद्दल सावधगिरीची सूचना काढली. म्हणून आपल्या क्रीमच्या यादीत सोडियम लॉरिल सल्फेट आहे का एवढे पाहावे. नसेल तर पॉलिसॉर्बेटसाठी क्रीम सोडू नये, उलट सध्या त्याची गरज जास्त आहे.

आतापर्यंतच्या मजकुराचा आपल्यापुरता अर्थ असा: मला पहिला संशय तीव्र सल्फोनेट, सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणि तीनदा धुणे या तिघांच्या एकत्र येण्यावर आहे, दुसरा पाण्यावर. दोन्ही एकदम बदलले तर काय लागू पडले ते कळणार नाही, म्हणून क्रमाने करावे.

पहिले दहा दिवस फेसवॉश तोच ठेवा, पण फक्त रात्री, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, आधी तळहातावर पाण्याने फेस करून लावा; वीस-तीस सेकंदांत कोमट पाण्याने धुऊन टाका आणि त्वचा ओलसर असतानाच क्रीम लावा. सकाळी आणि दुपारी नुसते पाणी पुरे. गरम पाणी चेहऱ्यावर घेऊ नका. त्यात सर्फॅक्टंटची झोंबी वाढते. ओढ कमी झाली तर नवा फेसवॉश आणण्याची गरजच नाही. कमी झाली नाही तर पुढचा आठवडा शेवटचा तांब्या आरओच्या पाण्याचा घ्या. त्याने फरक पडला तर पाणी दोषी आहे, आणि मग चेहऱ्यापुरते तेच पाणी वापरणे कोणत्याही महागड्या बाटलीपेक्षा स्वस्त पडेल.

तरीही फरक नसेल तर फेसवॉश बदला. यादीच्या सुरुवातीला सोडियम कोकॉइल आयसेथायोनेट, सोडियम कोकॉइल ग्लुटामेट किंवा डेसिल ग्लुकोसाइड यांपैकी एखादे आणि जोडीला बीटेन असलेले उत्पादन निवडा. आयसेथायोनेट हा काही नवा शोध नव्हे. १९५७ मध्ये अमेरिकेत आलेली डव्हची वडी त्यावरच उभी होती. सौम्य नावांनाही अपवाद असतात. बीटेनला २००४ मध्ये आणि अल्किल ग्लुकोसाइडना २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांनी ‘वर्षातील अ‍ॅलर्जीकारक’ म्हणून पुढे आणले होते. बीटेनच्या बाबतीत दोष बहुतांशी निर्मितीत उरलेल्या अशुद्ध अंशाचा असतो. अ‍ॅलर्जी आणि कोरडेपणा यांत फरक असा की अ‍ॅलर्जीत खाज आणि लाली प्रामुख्याने असते, पापण्यांना सूज येऊ शकते आणि मात्रा कमी करूनही ती जात नाही. तसे दिसले तर वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून करायची अ‍ॅलर्जीची चाचणी) करून घ्यावी.

राहिला प्रश्न मायसेलर वॉटरचा. त्यात भाररहित सर्फॅक्टंट अगदी कमी प्रमाणात असतात, ते कापसावरून मेकअप आणि सनस्क्रीन उचलतात, आणि प्रवासात किंवा पाण्याची टंचाई असताना ते सोयीचे आहे. पण ‘धुण्याची गरज नाही’ या ओळीशी मी सहमत नाही. कापसाने पुसल्यावर जे उरते ते रात्रभर त्वचेवरच राहते आणि पाणी उडून गेल्यामुळे अधिक तीव्र होत जाते. आपली भिंत आधीच खिळखिळी असताना ते वापरलेत, तर त्यानंतर चेहऱ्यावरून साध्या पाण्याचा हात फिरवा आणि कापूस नाकाच्या कडेला घासू नका.